सुगीच्या काळातले होमरन आणि विक्रमाची किंमत

प्रश्न असा आहे: बेसबॉलमध्ये काही काळ पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) असतो, काही बॅटरचा. चेंडू उसळता, कुंपणं जवळ, स्ट्राइक झोन (पिचरने चेंडू टाकायचा तो पट्टा) आक्रसलेला अशा सुगीच्या दिवसांत कुणी होमरनचा, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे मारण्याचा, विक्रम केला, तर त्याची किंमत कमी धरायची का?

आकडा आहे तसाच राहतो, त्यावरून काय म्हणायचं ते बदलतं. आणि काळाचा वाटा लोक मानतात तेवढा मोठा नसतो. सवलत सगळ्यांना सारखी मिळाली असेल तर विक्रमाचं फारसं बिघडत नाही, कारण ती सवलत शेजारच्या बॅटरलाही होतीच. बट्टा लागतो तो मोजक्यांनाच सवलत मिळाली असेल तेव्हा. या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या, ते आकड्यांसकट मांडतो.

सुरुवात १८८४ पासून करू, कारण एकट्याला मिळालेली सवलत इतकी स्वच्छ पुन्हा कुठे दिसत नाही. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचं मैदान इतकं चिंचोळं होतं की डावी-उजवी दोन्ही कुंपणं होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, २०० फुटांच्याही आत होती. आज फाउल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, ३२५-३३० फूट ही सर्वसाधारण गोष्ट आहे. १८८३ पर्यंत तिथे कुंपणापलीकडे गेलेला चेंडू डबल, म्हणजे दोन बेसचा फटका धरत. नेड विल्यमसनने त्या वर्षी ४९ डबल मारले आणि होमरन अवघे २. १८८४ मध्ये ठरलं की कुंपण ओलांडलं की होमरन. विल्यमसनचे झाले २७, त्यांतले २५ घरच्या मैदानावर. लीगमध्ये त्याच्या खालोखालचे तिघेही त्याच्याच संघातले: फेफर २५, डॅलरिम्पल २२, ॲन्सन २१. पुढच्या वर्षी संघाने ते मैदान सोडलं आणि विल्यमसन ३ वर आला. तरी २७ चा विक्रम कागदावर ३५ वर्षं टिकला. १९१९ मध्ये बेब रूथने २९ मारले तेव्हा तो मोडला. यात काळाचा काही संबंध नाही, सगळा पराक्रम एका मैदानाचा आणि एका नियमाचा.

म्हणून पहिली तपासणी घर आणि बाहेर अशी. एका हंगामातले मोठे विक्रम या चाळणीतून सहज पार होतात. रूथ १९२७: घरी २८, बाहेर ३२. रॉजर मॅरिस १९६१: ३० आणि ३१. मार्क मॅग्वायर १९९८: ३८ आणि ३२. बॅरी बॉन्ड्स २००१: ३७ आणि ३६. रूथ-मॅरिसच्या घरच्या यांकी स्टेडियमचं उजवं कुंपण फाउल लाइनवर तीनशे फुटांच्या आत होतं, त्यामुळे रूथ आणि मॅरिस या डावखुऱ्यांना आयतं कुरण मिळालं असं सर्रास म्हटलं जातं. पण दोघांनीही बाहेरच जास्त मारले. बॉन्ड्सचं घरचं मैदान तर डावखुऱ्यांच्या मुळावरच उठलेलं: उजव्या मध्यात कुंपण ४२१ फुटांवर.

मैदानाचा खरा परिणाम कारकिर्दीच्या बेरजेत दिसतो. मेल ऑटचे ५११ होमरन, त्यांतले ३२३ पोलो ग्राउंड्स या घरच्या मैदानावर, जिथे उजवी लाइन २६० फुटांचीही नव्हती. उलट जो डिमॅजिओ उजव्या हाताचा. यांकी स्टेडियमचा डावा मध्य साडेचारशे फुटांच्या पुढे, त्यामुळे घरी १४८ आणि बाहेर २१३. एका हंगामाचा विक्रम मोजताना लोक मैदानावरून वाद घालतात आणि कारकीर्द मोजताना मैदान विसरतात. व्हायला हवं नेमकं उलट.

मैदानाचा गुणांक काढायची रीत सोपी आहे. संघाच्या घरच्या सामन्यांत दोन्ही बाजूंनी मिळून दर सामन्याला किती होमरन झाले ते काढायचं, बाहेरच्या सामन्यांत किती ते काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. दोन्ही बाजूंचे धरायचे, नाहीतर संघातल्या दोन तगड्या बॅटर्समुळे मैदानच सोपं भासतं. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये, निदान तीन वर्षं घ्यावीत. फक्त मधे कुंपण हललं असेल तर आधीची वर्षं टाकून द्यावीत. डावे-उजवे बॅटर वेगळे काढावेत, कारण एकच मैदान एकाला माहेर आणि दुसऱ्याला सासर असू शकतं. आणि गुणांक १.२० आला म्हणून बॅटरचे सगळे होमरन १.२० ने भागायचे नाहीत. अर्धे सामने बाहेर असतात, म्हणून भागायचं ते १.१० ने. ही चूक जाणत्यांच्या लिखाणातही सापडते. डेन्वरच्या कूर्स फील्डला आणखी एक पथ्य आहे: समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर हवा विरळ, त्यामुळे चेंडू साधारण ५ टक्के लांब जातो. १९९९ मध्ये त्या एका मैदानावर ३०३ होमरन झाले. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवू लागले आणि आकडे उतरले. म्हणजे कूर्सचा २००२ च्या आधीचा गुणांक नंतरच्या बॅटरला लावणं चूक. २०२२ पासून ही कपाटं तीसही मैदानांवर आहेत.

दुसरी तपासणी संधीची. इथे मी ‘खेप’ हा शब्द वापरतो: बॅटर प्लेटवर उभा राहून निकाल लागला की एक खेप, मग तो बाद होवो, फटका मारो की चार बॉलवर (स्ट्राइक झोनबाहेर पडलेल्या चार चेंडूंवर) चालत पहिल्या बेसवर जावो. १९६१ मध्ये अमेरिकन लीगने (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक; दुसरी नॅशनल) हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा केला, आणि मॅरिस रूथच्या ६० च्या मागे लागलेला पाहून त्या जुलैत कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं की विक्रम १५४ सामन्यांत मोडला नाही तर तो वेगळा नोंदवावा. (फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देत, हे इथे सांगितलंच पाहिजे.) १५४ सामन्यांनंतर मॅरिस ५९ वर होता. साठावा २६ सप्टेंबरला आणि एकसष्टावा १ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी.

आता खेपा पाहा. रूथला १९२७ मध्ये ६९१ खेपा मिळाल्या, मॅरिसला १९६१ मध्ये ६९८. फरक सातचा. मॅरिस दहा सामने जास्त खेळला तरी, कारण १९२७ च्या यांकीजनी ९७५ धावा केल्या आणि १९६१ च्या संघाने ८२७. धावा जास्त म्हणजे फलंदाजीचा क्रम लवकर फिरतो आणि एकेकाला खेपा जास्त मिळतात. ‘आठ सामने जास्त’ हा साठ वर्षं चघळलेला आक्षेप खेपा मोजल्या की जवळजवळ विरून जातो. १९९१ मध्ये लीगच्या समितीने वेगळी नोंद काढून टाकली, पण तोवर मॅरिस जाऊन सहा वर्षं होत आली होती.

खेपांचा हिशेब पुढे नेला की गंमत दिसते. दर किती खेपांमागे एक होमरन? रूथ १९२७: ११.५. मॅरिस १९६१: ११.४. ॲरन जज २०२२, ६९६ खेपांत ६२: ११.२. तीन काळ, तीन वेगळे चेंडू, पिचिंगच्या तीन तऱ्हा, आणि दर जवळजवळ एकच. याच तीन वर्षांत एका संघाने एका सामन्यात मारलेल्या होमरनची सरासरी मात्र ०.३७, ०.९५ आणि १.०७ अशी वाढत गेली. सरासरी तिप्पट होते आणि शिखर जागचं हलत नाही, हे का घडतं त्यावर सगळं उत्तर उभं आहे. या रांगेतून बाहेर पडतात दोघेच: मॅग्वायर ९.७ आणि बॉन्ड्स ९.१. त्यांच्याकडे नंतर येतो.

सरळ गुणाकार करणाऱ्यांची फसगत इथेच होते. १९२७ ची सरासरी ०.३७, २००१ ची १.१२, म्हणजे तिप्पट; तर रूथचे ६० म्हणजे २००१ चे १८०. हा आकडा पाहून हसू यायला हवं, पण अशी कोष्टकं गंभीर चेहऱ्याने मांडलेली दिसतात. चूक कुठे आहे? १९२७ ची सरासरी कमी होती ती होमरन मारणं तेवढं अवघड होतं म्हणून नव्हे. बहुतेक बॅटर होमरनसाठी बॅट फिरवतच नव्हते. बॅट वरती आखूड धरायची, चेंडू मोकळ्या जागेत ढकलायचा, जमल्यास बंट करायचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवायचा), हे तेव्हाचं शिक्षण. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी रूथ ६०, लू गेरिग ४७ आणि तिसरा टोनी लॅझेरी अवघे १८. लीगच्या ४३९ होमरनपैकी ६० एकट्या रूथचे, आणि बाकीच्या सात संघांपैकी एकालाही संघ म्हणून ६० जमले नाहीत. जे प्रयत्नच करत नव्हते त्यांच्याशी तुलना करून निघालेला गुणक दुसऱ्या काळात नेता येत नाही.

त्याहून थेट पुरावा १९२० चा आहे. त्या वर्षी थुंकी लावून चेंडू टाकण्यावर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावल्यावर मळलेले चेंडू लवकर बदलू लागले. बॅटर्सना बरे दिवस आले ते तेव्हापासून. पण सोय सगळ्यांनाच होती, आणि रूथचे ५४ असताना लीगमध्ये दुसरा आलेला जॉर्ज सिस्लर १९ वर. पूर्ण संघांतही यांकीज सोडता लीगमध्ये सर्वांत जास्त ५० होते, सेंट लुइस ब्राउन्सचे. रूथचे बहुतेक होमरन तर चॅपमनच्या आधीच मारून झाले होते. त्याच्याआधीच्या दशकात ‘होमरन’ हेच टोपणनाव मिळवलेल्या फ्रँक बेकरने लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले ते ११, १०, १२ आणि ९ असे, १९११ ते १९१४. नवा काळ रूथने ओढून आणला म्हणा हवं तर. काळाने रूथला आणलं असं मात्र म्हणता येत नाही.

सरासरी चढली की वरचे तेवढे चढत नाहीत, याचं यांत्रिक कारण साधं आहे. चेंडू थोडा जास्त उसळू लागला किंवा हवेत त्याला अडथळा कमी झाला, तर प्रत्येक उंच फटका काही फूट लांब जातो. या काही फुटांचा फायदा कुणाला? ज्याचे फटके कुंपणाच्या अलीकडे दहा फुटांवर झेलले जात होते त्याला. म्हणजे मधल्या फळीतल्या, वर्षाला १२-१५ मारणाऱ्या बॅटरला. तो २०-२२ वर जातो. जज किंवा बॉन्ड्ससारख्याचे बहुतेक होमरन कुंपणापलीकडे तीस-चाळीस फूट पडत असतात. ते आणखी पाच फूट लांब पडले म्हणून दोन धरत नाहीत. शिवाय वरच्या बॅटरला पिचर चार बॉल टाकून सोडून देतो, आणि खेपा ७०० च्या पुढे फारशा जातच नाहीत.

याची पडताळणी चेंडू अचानक बदलला त्या वर्षांत होते. नॅशनल लीगचं १९३० हे वर्ष म्हणजे बॅटर्सची दिवाळी: अख्ख्या लीगची बॅटिंगची सरासरी .३०३ (होमरनची नव्हे, फटके यशस्वी होण्याची), होमरन ८९२. पुढच्या वर्षी चेंडूचं कातडं जाड केलं, शिवण उंच ठेवली, होमरन ४९३ वर आले. लीग ४५ टक्क्यांनी खाली. चक क्लाइन मात्र ४० वरून ३१ वर, म्हणजे जेमतेम २२ टक्के, आणि ३१ वर तो लीगमध्ये पहिला. (घरच्या फिलाडेल्फियाच्या मैदानाचं जवळचं उजवं कुंपण त्याच्या मदतीला होतंच.) हॅक विल्सन ५६ वरून थेट १३ वर घसरला, ७७ टक्के. एवढी घसरण चेंडूच्या माथी मारता येत नाही; तो त्या वर्षी खेळलाही कमी. १९६९ चं उदाहरण उलट दिशेचं. आदल्या वर्षी पिचर्सनी उच्छाद मांडल्यामुळे माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, स्ट्राइक झोन लहान केला. होमरनची सरासरी ०.६१ वरून ०.८० झाली, सुमारे ३१ टक्के वर. फ्रँक हॉवर्ड ४४ वरून ४८, विली मॅककोवी ३६ वरून ४५. दोघेही वाढले, पण लीगएवढे नाहीत.

एक छोटा खुलासा, कारण गल्लत नेहमी होते: धावांची सुगी आणि होमरनची सुगी एक नव्हे. १९३० मध्ये एक संघ सामन्यात सरासरी ५.५५ धावा करत होता, होमरन मात्र ०.६३. २०१९ मध्ये धावा ४.८३, होमरन १.३९. ‘बॅटर्सचा काळ’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कुठला आकडा पाहून म्हणतोस?

तर मग मोजायचं कसं? मला सर्वांत कामाची वाटते ती अगदी साधी पट्टी: पहिला आणि चौथा यांचं गुणोत्तर, दोन्ही लीग मिळून. दुसरा घेत नाही, कारण तो कधी कधी पहिल्याच्याच संघात, त्याच्याच पुढे-मागे खेळत असतो, जसे रूथ-गेरिग आणि मॅरिस-मँटल. चौथ्यावर लीगच्या सरासरीचा परिणाम झालेला असतो, पण तो मारायला उभा राहणारा बॅटर असतो. बंट करणारा नसतो. १९२०: ५४ ला १५, म्हणजे ३.६. १९२७: ६० ला ३०, म्हणजे २. १९६१: ६१ ला ४६, म्हणजे १.३३. १९९८: ७० ला ५०, १.४०. २००१: ७३ ला ५२, पुन्हा १.४०. २०१९: ५३ ला ४७, १.१३. २०२२: ६२ ला ४०, १.५५.

यात माझ्या लेखी सर्वांत बोलकी ओळ २०१९ ची. होमरनची याहून मोठी सुगी बेसबॉलने पाहिलेली नाही. एकूण ६,७७६ होमरन, मिनेसोटा ट्विन्सचे ३०७ आणि यांकीजचे ३०६. चेंडूच कारणीभूत असल्याचा पुरावाही होता: लीगने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी त्या डिसेंबरात सांगितलं की हवेतला अडथळा कमी झाला होता आणि त्यात शिवणीच्या उंचीचा हात होता. ट्रिपल-ए या खालच्या पायरीवर त्याच वर्षी मेजर लीगचा चेंडू आणला, तर तिथेही होमरन धडाधड वाढले. आणि एवढं सगळं असून सर्वाधिक आकडा पीट अलोन्सोचा ५३. पदार्पणाच्या वर्षाचा विक्रम झाला, पण ६० च्या जवळही कुणी फिरकलं नाही. काळ विक्रम घडवतो असं ठामपणे म्हणणाऱ्याने या वर्षाचं काय करायचं ते आधी ठरवावं.

तीन वर्षांनी, सरासरी १.३९ वरून १.०७ वर उतरलेली असताना, जजने ६२ मारले. दुसरा काइल श्वार्बर ४६, तिसऱ्या-चौथ्या जागी ४०. अमेरिकन लीगमध्ये तर दुसरा आलेला माइक ट्राउट ४० वर, म्हणजे २२ चं अंतर. १९२७ मध्ये एक संघ सामन्याला २.८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होत होता, २०२२ मध्ये ८.४ वेळा. रूथला तिसऱ्या-चौथ्या खेपेला तोच दमलेला पिचर समोर यायचा आणि त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय पिचर्सना प्रवेशच नव्हता. गुणोत्तरात रूथ जजच्या पुढे आहे, पण रूथच्या गुणोत्तरातला काही भाग बाकीच्यांच्या मागासपणाचा आहे. म्हणून कारागिरी म्हणून मी २०२२ चे ६२ आणि १९२७ चे ६० एका पायरीवर ठेवतो, आणि १९२० चे ५४ दोघांच्या वर.

आता मॅग्वायर आणि बॉन्ड्स. १९२० ते १९९४ या ७५ हंगामांत ५० किंवा जास्त होमरन १८ वेळा झाले. १९९५ ते २००२ या आठ हंगामांतही १८ वेळा. या आठ वर्षांची सरासरी १९२७ च्या तिप्पट जरूर होती, पण २०१९ पेक्षा बरीच कमी. १९९८ मध्ये १.०४ च होती. म्हणजे सगळ्यांचं पाणी सारखं चढलं असतं तर शिखरं अशी उगवायला नको होती. त्या काळात फायदा वरच्या मूठभरांना मिळत होता, चेंडू सुधारल्यावर होतो त्याच्या बरोबर उलट. १९९३ आणि १९९८ मध्ये दोन-दोन नवे संघ आले, पिचिंग पातळ झालं, हे कारणही पुरत नाही. नव्या संघांत बॅटरही नवखेच आले, आणि १९६१ मध्येही दोन संघ वाढले होतेच. तेव्हा अमेरिकन लीगचे एकूण होमरन १,०८६ वरून १,५३४ झाले, वाढ ४१ टक्क्यांची वाटते. पण सामने वाढलेले धरले तर दर सामन्यामागे जेमतेम ८ टक्के.

मग उरतं औषध. स्टेरॉइड्सवर शिक्षेसह चाचणी २००४ मध्ये सुरू झाली, औषधांच्या वापरावरचा मिचेल अहवाल डिसेंबर २००७ चा, मॅग्वायरची कबुली २०१० ची. बॉन्ड्सचं नाव खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेच्या प्रकरणात आलं; जाणूनबुजून काही घेतल्याचं त्याने नाकारलं. सांख्यिकी कुणा एकाला दोषी ठरवू शकत नाही आणि तसा वापर करूही नये. पण खेपांचा दर पाहिला तर शंभर वर्षांत ११ च्या आसपास थांबलेलं शिखर १९९८ ते २००१ या चार वर्षांत ९-१० वर आलं, आणि चाचणी आल्यावर परत ११ वर गेलं. इथे बट्टा आहे आणि तो काळाचा नाही. सवलत सगळ्यांना मिळत नव्हती, ज्यांनी नियमांच्या पलीकडे जायचं ठरवलं त्यांनाच मिळत होती. त्याची झळ विक्रम करणाऱ्यालाही लागते आणि चौथ्या जागेवरच्या प्रामाणिक बॅटरलाही, म्हणून १९९८ आणि २००१ च्या १.४० या गुणोत्तराला मी फार वजन देत नाही. कारण भाजकातही तोच संशय मिसळलेला असू शकतो. सॅमी सोसाने ६६, ६३ आणि ६४ असे तीनदा साठ ओलांडले आणि तिन्ही वर्षी तो लीगमध्ये दुसरा आला, यावरून तेव्हाचं वरचं टोक किती दाटलं होतं ते कळतं.

तरी ७३ हा आकडा खोडावा या मताचा मी नाही. बॉन्ड्सला त्या वर्षी १७७ वॉक (चार बॉलवर मिळालेला पहिला बेस) मिळाले, त्यांतले ३५ मुद्दाम दिलेले. मारायला उरले ते ४७६ ॲट-बॅट (वॉक वगैरे वजा करून उरलेल्या खेपा), त्यांत ७३. (मॅरिसला मुद्दाम वॉक एकही नाही, कारण मागे मिकी मँटल उभा असायचा.) कोष्टकात ७३ वर ठेवावेत आणि ६२ च्या शेजारी मांडताना चाचणीचं वर्ष लिहावं, एवढंच.

जपानचं उदाहरण या वादात फार कमी येतं, खरं तर तिथे प्रयोगशाळेसारखी स्थिती होती. सादाहारु ओहचे १९६४ चे ५५ जवळजवळ पन्नास वर्षं अबाधित होते. २००१ मध्ये टफी रोड्स आणि २००२ मध्ये ॲलेक्स कॅब्रेरा तिथवर पोचले, पुढे कुणी गेलं नाही. २०११ मध्ये सगळ्या मैदानांसाठी एकच, कमी उसळणारा चेंडू आणला. १२ संघांचे मिळून होमरन २०१० मध्ये १,६०५ होते, ते ९३९ आणि मग ८८१ वर आले. २०१३ मध्ये चेंडू गुपचूप पुन्हा उसळता केला, होमरन १,३११ झाले, जूनमध्ये बिंग फुटलं आणि कमिशनर र्‍योझो कातो यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी व्लादिमिर बॅलेंटियनने ६० मारून ओहला मागे टाकलं. साहजिकच ‘चेंडूचा विक्रम’ म्हणून तो उडवून लावला गेला. पण चेंडू सगळ्यांच्याच हातात होता, आणि त्याच्या लीगमध्ये दुसरा आलेला टोनी ब्लँको ४१ वर थांबला. शिवाय १,३११ हे २०१० च्या १,६०५ पेक्षा कमीच, म्हणजे तीन वर्षांपूर्वी याहून उसळता चेंडू वापरात असताना कुणाला ५५ ओलांडता आले नव्हते. आक्षेप घ्यायचाच तर त्याच्या घरच्या, जिंगूच्या छोट्या मैदानावर घ्यावा, तो जास्त टिकेल. २०२२ मध्ये मुराकामीने ५६ मारून जपानी खेळाडूंतला विक्रम केला, तोही जिंगूवरच खेळणाऱ्या याकुल्ट संघाचा.

ताजं उदाहरण २०२५ चं, आणि त्यावर ही पट्टी सरळ चालत नाही. सिएटलच्या कॅल रॅलेने ६० मारले. मागे श्वार्बर ५६, शोहेइ ओहतानी ५५, जज ५३. गुणोत्तर १.१३, अगदी २०१९ सारखं, म्हणजे चौथ्याशी तोलला तर विक्रम साधारण. पण रॅले कॅचर. हंगामभर गुडघ्यांवर बसून चेंडू झेलणारा माणूस इतका मारत नाही. कॅचरचा याआधीचा सर्वोच्च आकडा २०२१ मधला साल्व्हादोर पेरेझचा ४८. तेव्हा तुलनेचा गट बदलायला हवा, आणि बदलताना एक खाच लक्षात ठेवायची: रॅलेच्या ६० पैकी काही होमरन त्याने कॅचर म्हणून न खेळता डेझिग्नेटेड हिटर (फक्त फलंदाजी करणारा) म्हणून मारले, तसे पेरेझनेही. ‘कॅचरचा विक्रम’ दोन प्रकारे मोजतात, मुख्य जागा कॅचरची असलेल्याचे सगळे होमरन, किंवा प्रत्यक्ष कॅचर असतानाचेच होमरन. दुसऱ्या प्रकारात २००३ मधले हावी लोपेझचे ४२ हा आकडा बरीच वर्षं मानला गेला. ६० ला ४८ लावायचे असतील तर दोन्हीकडे पहिला प्रकार धरा, ४२ लावायचे असतील तर रॅलेचे डेझिग्नेटेड हिटर म्हणून मारलेले आधी वजा करा.